नगरसेविका ती की तिचा नवरा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोलापुरात महापालिकेची निवडणूक लागली की कोर्टात, लग्नात, हळदीकुंकवाला एकच प्रश्न येतो, "वकीलताई, बाई निवडून आली तरी कारभार नवराच बघतो. मग फी न घेता बायकांचे अर्ज कशाला भरून देता?"

नवरा कारभार बघतो हे खोटं नाही. पण त्याची सुरुवात निकालानंतर होत नाही. घरातले सगळे कागद, पासबुक, फोन नंबर नवऱ्याचे किंवा त्याच्या ताब्यात असतात, तिथे ती होते. म्हणून मी अर्जाच्या टेबलापाशी बसते.

पूर्व भागातली एक विडी कामगार बाई माझ्याकडे आली होती. मांडीवर सूप घेऊन पानं कातरता कातरता गल्लीतल्या बायकांच्या पाण्याच्या तक्रारी ऐकायची आणि वहीत लिहून ठेवायची. तिच्या प्रभागात ओबीसी महिलेची जागा निघाली आणि बायकांनीच तिला उभं राहायला लावलं. कागदांची पिशवी मात्र नवऱ्याच्या हातात होती आणि मी काही विचारलं की उत्तरही तोच देत होता.

मतदार यादीत तिचं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नाच्या दाखल्याने ते जुळवता आलं असतं. खरा अडसर पुढे होता. जात जन्मावरून ठरते, त्यामुळे जातीचा दाखला वडिलांकडच्या पुराव्यावरच निघतो आणि ओबीसीसाठी वडिलांच्या घराण्याचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. तिचं माहेर तेलंगणातलं. तीस वर्षं सोलापुरात संसार केला, नवरा त्याच जातीचा, तरी त्या जागेवर तिचा हक्क नाही. आपल्याकडे किती सुना तेलंगणातून, कलबुर्गी-विजयपूरकडून आलेल्या आहेत! त्यांतल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. हिला कळलं तेव्हा अर्जाला चार दिवस उरले होते. नशिबाने त्याच प्रभागात सर्वसाधारण महिलेची दुसरी जागा होती. अर्ज तिथून भरला.

मग बँक. निवडणूक खर्चासाठी उमेदवाराला वेगळं खातं उघडावं लागतं. काउंटरवरच्या मुलाने मोबाईल नंबर विचारला आणि नवऱ्याने सवयीने स्वतःचा सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "थांबा. अक्का, तुमचा नंबर सांगा." तिला पाठ नव्हता. तिने फोन काढला, मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवरून एकेक आकडा वाचला. ओटीपी तिच्या फोनवर आला तेव्हा तो तिनेच मोठ्याने वाचून दाखवला. नवरा चिडला नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतंच, आजवर कोणी तिचा नंबर विचारलाच नव्हता, एवढंच.

ती पडली. मला मनापासून वाईट वाटलं, कारण तिच्याइतका तो प्रभाग दुसऱ्या कोणाला पाठ नव्हता. पण खर्चाचा हिशेब द्यायला ती एकटी आली, पावत्या तारीखवार लावून. तो मुदतीत दिला नाही तर पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरवू शकतात, हे आता ती गल्लीतल्या इतरांना सांगते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने तो वाटा वाढवून एकूण जागांच्या निम्मा केला. पण सोडतीत आरक्षण फिरतं, पाच वर्षं राबलेल्या बाईची जागा पुढच्या वेळी जाते आणि पक्षांना तिची आठवणही राहत नाही. याचा मला राग येतो.

न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या मुलींचंही काही करता का, असं विचारतात. तिथे मतं नसतात, एमपीएससीची परीक्षा असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती तीन वर्षं घरचे लग्नाची घाई करतात आणि नव्या वकिलाच्या हातात पैसा नसतो. म्हणून माझ्याकडच्या ज्युनिअर मुलींना मी दर महिन्याला ठरलेले पैसे देते, थोडे असले तरी.

तुमच्या ओळखीत कोणी उभी राहणार असेल तर सोडतीची वाट बघू नका. शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला, वडिलांचे जुने कागद आजच शोधायला लावा. माहेर दुसऱ्या राज्यातलं असेल तर आधी माझ्याकडे पाठवा. दुपारी चारनंतर मी कोर्टातून मोकळी असते. आणि फोन तिलाच करायला सांगा, तिच्या नंबरवरून.