नारिंगी ठोकळा आणि अर्धी बरणी

विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या एक्स-रेच्या पडद्यासमोर बसणाऱ्याला घरचा खाऊ लगेच कळतो. कारखान्यातून आलेल्या पाकिटाच्या कडा सरळ असतात, आतला माल एकसारखा पसरलेला असतो. घरच्या डब्यात काहीच एकसारखं नसतं. एका कोपऱ्यात जाड थर, दुसऱ्यात पातळ, मध्ये कोंबलेला रुमाल आणि वरून पिशवीवर पिशवी बांधून मारलेल्या गाठी. नवीन लागलेल्या मुलांना मी हे सगळ्यात आधी दाखवते. अडणाऱ्या बॅगांत यांचा भरणा मोठा, आणि टेबलावरची भांडणंही बहुतेक यांच्यावरूनच.

यंत्राला चव कळत नाही. पदार्थ किती दाट आहे आणि हलक्या अणूंचा आहे की जड, एवढंच त्याला दिसतं. धातू निळे. काच, मीठ, ॲल्युमिनियम असलं मधलं सगळं हिरवट. आणि कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचं जे काही बनलेलं असतं ते नारिंगी. साखर नारिंगी, पीठ नारिंगी, चीज, साबण, पुस्तकं नारिंगी. स्फोटकंही नारिंगीच. थर जाड झाला की रंग गडद होतो. त्यामुळे कुणी मायेने दाबून दाबून भरलेला डबा आमच्याकडे जास्त काळा पडून येतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आमच्या पडद्यावर अधूनमधून खोटी चित्रं येतात. एखाद्या प्रवाशाच्या साध्यासुध्या बॅगेत सॉफ्टवेअर बंदुकीचं, सुरीचं नाहीतर बॉम्बचं चित्र घुसवतं. दिसलं की बटण दाबायचं. खोटं असेल तर लगेच संदेश येतो, ही चाचणी होती, तुम्ही पकडलीत. सुटलं तर तेही नोंदलं जातं आणि हिशेब वर जातो. डोळे पेंगू नयेत म्हणून ही सोय आहे. त्याच कारणासाठी सलग २० मिनिटांच्या वर कुणाला पडद्यासमोर ठेवत नाहीत.

त्या दिवशी पहाटेच्या गर्दीत एक कापडी पिशवी आली. आत विटेएवढा गडद नारिंगी ठोकळा, कडा दाबून सरळ केलेल्या, भोवती पातळ हिरवट वेष्टन. ठोकळ्यावर चपटी पॉवर बँक, तिला गुंडाळलेली वायर, आणि वायरीचं एक टोक ठोकळ्याखाली गेलेलं. प्रशिक्षणात दाखवतात ते चित्र याहून वेगळं नसतं. खरं तर इतकं साफ चित्र म्हणजे चाचणीच असणार, असं धरूनच मी बटण दाबलं.

संदेश आला नाही.

अशा वेळी काय करायचं ते पाठ असतं. बेल्ट थांबवायचा, बॅग यंत्राच्या पोटातच ठेवायची, हात लावायचा नाही, सुपरवायझरला बोलवायचं, चेहरा शांत ठेवायचा. मी तेवढं केलं. रांगेतून ‘विमान चुकलं तर भरून कोण देणार’ सुरू झालंच. बेल्ट का थांबला असेल हा प्रश्न रांगेतल्या कुणालाच पडत नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे.

सुपरवायझर आले. माणूस कामाचा, फक्त लेनमधून तासाला किती प्रवासी गेले या आकड्यावर त्यांचा भारी जीव. पण पडद्यासमोर उभे राहिले की ते घाई करत नाहीत. त्यांनी दुसऱ्या बाजूचं चित्र घेतलं. त्यात वायरीची दोन्ही टोकं सुटी दिसली. ठोकळ्याखाली गेलेल्या टोकाला मोबाईलची पिन होती आणि ती ठोकळ्यात कुठेही शिरलेली नव्हती. ठोकळाही आतून सलग नव्हता, बारीक बारीक फिकट दाणे होते. ‘खाण्याचं दिसतंय. स्वॅब घ्या आणि उघडा,’ ते म्हणाले.

तेवढ्यात माझी २० मिनिटं संपली आणि मी तपासणीच्या टेबलावर आले. पिशवीचे मालक सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ निघाले. त्यांना टेबलापासून दोन पावलं लांब उभं केलं. स्वॅब म्हणजे कापडाची छोटी पट्टी. ती पिशवीच्या बंदांवरून, वेष्टनाच्या घड्यांवरून, पॉवर बँकेवरून फिरवायची आणि यंत्रात घालायची. पट्टी तापते, तिच्यावरचे कण वाफ होऊन आत जातात आणि स्फोटकाचा अंश आहे की नाही याचा निकाल काही सेकंदांत येतो. हाताच्या क्रीममधल्या ग्लिसरिननेही हे यंत्र कधी कधी बोंब मारतं. आज गप्प राहिलं.

फॉइल उघडली. खजूर, बदाम आणि अक्रोड एकत्र कुटून, थापून, वर सुरीने चौकोनी रेघा पाडलेल्या. फिकट दिसलेले दाणे अक्रोडाचे. ‘मीच केलंय. मुलाला साखर चालत नाही,’ ते म्हणाले. मी फॉइल पुन्हा होती तशी दुमडायचा प्रयत्न केला. ते काही मला जमत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण पिशवीच्या तळाशी एक काचेची बरणी होती आणि चित्रात तिच्यावरही मी खूण केली होती. जॅमची जुनी बरणी, लेबल अर्धवट खरवडलेलं, तळाला २५० मिली कोरलेलं. आत घरी वाटलेलं बदामाचं बटर, जेमतेम अर्ध्यापर्यंत.

‘काका, हे आत नेता येणार नाही.’

‘का? हे पातळ आहे का?’ त्यांनी बरणी मागितली. मी माझ्याच हाताने उलटी करून दाखवली. लगदा जागचा हलला नाही, वर सुटलेलं तेल तेवढं काचेवरून ओघळलं. मी सांगितलं की पेस्ट, जेल, क्रीम हे सगळं द्रवातच धरतात, मर्यादा १०० मिलीची आहे, आणि आत किती आहे ते बघत नाहीत, भांडं केवढ्याचं ते बघतात.

‘म्हणजे हेच दोन छोट्या डब्यांत आणलं असतं तर?’

‘चाललं असतं.’

‘आणि पावाला लावून आणलं असतं तर?’

‘तरी चाललं असतं.’

ते थोडा वेळ फॉइलच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. मग अगदी सावकाश म्हणाले, ‘मॅडम, ज्याला बॉम्ब समजून तुम्ही सगळी रांग थांबवलीत, ते मला परत दिलंत. आणि ज्याच्याबद्दल तुम्हाला शंकासुद्धा नाही, ते फेकायला सांगताय.’

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्यांसाठी आमच्याकडे वाक्यं तयार असतात.

उत्तर नाही असं नाही. १० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमध्ये कट उघडकीस आला. शीतपेयांच्या बाटल्यांत पेरॉक्साइडचं स्फोटक मिश्रण भरून अटलांटिकवरची विमानं उडवायची होती. आधी जवळपास सगळेच द्रव बंद झाले, मग त्याच वर्षाअखेरीपर्यंत अमेरिकेत आणि युरोपात १०० मिलीचा नियम आला आणि पुढे जगभर पसरला. कारण सरळ आहे. आमच्यासारख्या जुन्या यंत्राला ठोकळा दिसतो, त्याची जाडी दिसते, त्यातली वायर दिसते, पण बरणीतलं पाणी की पेरॉक्साइड हे खात्रीने सांगता येत नाही. जिथे ओळखता येत नाही तिथे प्रमाणच कमी ठेवायचं. म्हणजे ठोकळ्याला आम्ही विचारतो, तू काय आहेस? बरणीला विचारतो, तू केवढी आहेस? बॅगेला सगळ्या बाजूंनी फिरवून बघणारी सीटी यंत्रं जिथे बसली आहेत अशा काही विमानतळांवर, ब्रिटनमध्ये तर दोन लिटरपर्यंत, आता द्रव नेऊ देतात. ती यंत्रं आमच्या लेनला कधी येतील ते वरच्यांना ठाऊक.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. मागे ट्रे साचले होते. मी एवढंच म्हटलं, की बॅग चेक-इनला देता येईल, सोडायला आलेल्या कुणाला बरणी देता येईल, नाहीतर इथे टाकावी लागेल. शेजारच्या नव्या मुलाने तोवर कचऱ्याच्या पिंपाचं झाकण उघडून धरलं होतं. काही जणांना या कामातलं तेवढंच आवडतं.

गृहस्थ म्हणाले, ‘माझ्याकडे वेळ आहे,’ आणि बरणी घेऊन परत बाहेर गेले.

पाऊण तासाने ते पुन्हा माझ्याच लेनमध्ये. मी परत पडद्यावर होते. पिशवीत तोच ठोकळा, पॉवर बँक या वेळी वेगळ्या ट्रेमध्ये, रिकामी बरणी, आणि ब्रेडच्या पाकिटात उभे रचलेले सँडविच. प्रत्येक दोन फिकट पट्ट्यांमध्ये एक गडद रेघ, कडेपर्यंत नीट लावलेली. बाहेरच्या दुकानातून ब्रेड घेऊन त्यांनी सगळी बरणी संपवली होती. मी बॅग सोडली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ट्रे मात्र उचलून जागेवर ठेवला. असं करणारे फार थोडे.

नवीन मुलाने हे सुपरवायझरांच्या कानावर घातलं आणि चहाच्या वेळी वाद झाला. त्यांचं म्हणणं, पदार्थ तोच, प्रमाण तेच, डोळ्यांदेखत अडवलेली वस्तू तू कशी सोडलीस? माझं म्हणणं, लावलेलं बटर म्हणजे सँडविच आणि सँडविच चालतं, नियमात असंच आहे. त्यांनी पुस्तिका काढली. त्यात पेस्ट होती, सँडविच होतं, पण एकाचं दुसरं समोरच झालं तर काय, ते नव्हतं. मी म्हटलं, मग रांगेच्या तोंडाशी जो फलक आहे त्यावर पाण्याच्या बाटलीशेजारी अशा एका बरणीचं चित्र तरी लावा. निम्मे लोक ‘घट्ट आहे’ या समजुतीनेच घेऊन येतात. फलक आपल्या हातात नाही, असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे.

शेवटी त्यांनी सांगितलं, पुन्हा कुणी असं केलं तर सोडण्याआधी मला बोलव. अजून बोलवायची वेळ आलेली नाही. विमान सुटायच्या आधी कुणाकडेच तेवढा वेळ नसतो, लोक बरणी पिंपात टाकतात आणि पुढे जातात.