प्रॉन्गहॉर्न, म्यूल डिअर आणि मी निवडलेली गोळी

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीत मला प्रॉन्गहॉर्नचा, म्हणजे तिथल्या माळरानावरच्या हरणासारख्या जनावराचा, परवाना लागला, तेव्हा माझ्याकडे रायफल होती ती .३०-०६ची. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस, हरणापासून एल्कपर्यंत (सांबरासारखं मोठं हरीण) सगळ्यांना पुरून उरणारं. त्यामुळे निवडायचं काही उरलंय असं मला वाटतच नव्हतं.

सरावाच्या रेंजवर १८० ग्रेनच्या (ग्रॅमला सुमारे १५ ग्रेन) गोळ्या झाडत होतो. पहिल्या चार-पाच ठीक लागायच्या, मग छिद्रं खाली डावीकडे सरकायला लागायची. तिथल्या एका ज्येष्ठ शिकाऱ्याने हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने मला पाठ करून उभं केलं आणि मॅगझिन स्वतः भरलं, मध्येच कुठेतरी एक डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस घालून. त्या डमीवर चाप ओढला तेव्हा फक्त ‘टक्’ झालं, पण नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं होतं आणि माझे डोळे मिटलेले होते. खांद्याला धक्का बसायच्या आधीच मी त्याचा धसका घेत होतो. जनावरावर असा बार गेला तर ते पोटात लागून मैलभर तडफडत जाणार. ते मला चालणार नव्हतं.

मग हलक्या काडतुसांकडे वळलो. .२४३ विंचेस्टर १९५५चं, .३०८ काडतुसाच्या केसची (पितळी नळकांड्याची) मान आवळून केलेलं. धक्का अगदी सौम्य. .२७० विंचेस्टर १९२५चं, मोकळ्या माळरानासाठी आजही उत्तम. आणि २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर. प्रॉन्गहॉर्न म्हणजे काही मोठं धूड नव्हे, ४०-६० किलोचं जनावर. हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम वीतभर. त्याला .२४३ पुरेसं होतं. पण तिकडच्या माळावर वारा थांबत नाही, आणि पुढच्या वर्षी मला म्यूल डिअरसाठीही (प्रॉन्गहॉर्नपेक्षा मोठं, लांब कानांचं हरीण) अर्ज करायचा होता. ६.५ची लांबट, निमुळती गोळी वाऱ्याला कमी दाद देते आणि धक्का मला झेपण्यातला होता. तेच घेतलं. पुन्हा डमीची परीक्षा दिली, नळी हलली नाही.

काडतूस ठरलं म्हणजे काम झालं, ही माझी खरी चूक. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. पण केस, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू तिथेच राहतात, जनावरापर्यंत पोचते ती फक्त गोळी. मी तीन पेट्या आणल्या आणि कागदावर जिची छिद्रं सगळ्यात जवळ पडली ती उचलली. पातळ आवरणाची, आत शिसं भरलेली. पहिला प्रॉन्गहॉर्न जेमतेम ९० यार्डांवर मिळाला. इतक्या जवळून गोळीचा वेग जवळजवळ पुरा होता, ती खांद्याच्या हाडावर लागली आणि फुटली. जनावर जागीच पडलं, पण कातडं सोलल्यावर पुढचा अख्खा खांदा काळानिळा, जेलीसारखा झालेला, आणि मांसात शिशाचे कण. बोटांना ते कण लागत होते. तो खांदा टाकून द्यावा लागला. एक जीव घ्यायचा आणि त्याचं मांस वाया घालवायचं, हे मनाला फार लागलं.

हा प्रश्न जुनाच आहे. जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या एका मूसवर (सगळ्यात थोराड हरीण) आत न शिरता वरवरच फुटल्या, म्हणून त्याने मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी घडवली, पुढचा भाग पसरेल आणि मागचा शाबूत राहून आत शिरेल अशी. मी मात्र पूर्ण तांब्याची घ्यायचं ठरवलं, कारण घरात ते मांस मुलंही खातात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांबी आवाक्यात राहावी म्हणून १४०ऐवजी १२० ग्रेनची घेतली. वेगही टिकायला हवा. सेकंदाला साधारण ६०० मीटरच्या खाली गेल्यावर अशा बहुतेक गोळ्यांचं तोंड नीट उमलत नाही. नळी आधी स्वच्छ केली, मग नव्याने नेम बसवला. तीच रायफल, तीच दुर्बीण, पण नवी गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागत होती. हे न तपासता कुणी शिकारीला जाऊ नये, असं मी कळकळीने सांगतो. शेवटी वीतभर रुंद लोखंडी तबकडी लावली आणि बसून, काठ्यांच्या टेकूवरून झाडत गेलो. दहापैकी दहा जिथवर लागल्या ते अंतर होतं २५० यार्ड. काडतूस त्याच्या पुढे पोचतं, पण माझी हद्द तीच ठरवली.

पुढच्या हंगामात म्यूल डिअर १६० यार्डांवर, थोडा माझ्याकडे तोंड करून उभा. वारा डावीकडून. बार झाल्यावर तो तीसेक पावलं चालला आणि खाली बसला. सोलताना पलीकडच्या बरगडीमागे कातड्याखाली बोटांना एक गाठ लागली. चाकूच्या टोकाने चिरली तर गोळी बाहेर आली, चार पाकळ्या मागे वळलेल्या, बूड जसंच्या तसं. घरी धुऊन तराजूवर ठेवली. ११८ ग्रेन. खांद्याचं खराब मांस निघालं ते मूठभर.