रूट ६६: आज कोणत्या सालचा रस्ता?

शिकागो, निघायच्या आदल्या रात्री

मराठीत '६६ नंबरचा हायवे' म्हटलं की डोळ्यांसमोर पनवेल–कन्याकुमारी येतो, म्हणजे आपला मुंबई–गोवा, पूर्वीचा १७. अमेरिकेतल्या ६६चं, म्हणजे शिकागो ते लॉस एंजेलिसच्या जुन्या महामार्गाचं, दुखणं वेगळं आहे. तो बांधून झाला, वापरून झाला आणि रद्दही झाला. ११ नोव्हेंबर १९२६ला त्याला नंबर मिळाला, जून १९८५मध्ये तो काढून घेतला. तो सगळा पक्का व्हायलाच १९३८ उजाडलं होतं.

गाडीची किल्ली हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करायची: ६६ हा एक रस्ता नाही. एकोणसाठ वर्षांत तो सतत सरकत राहिला. कुठे गाव टाळलं, कुठे घाट टाळला, कुठे ओढ्यावरचा पूल बदलला. त्यामुळे एकाच ठिकाणी तीन-तीन ६६ शेजारी पडलेले दिसतात आणि पलीकडे इंटरस्टेट, म्हणजे आजचा द्रुतगती महामार्ग. सगळीकडे छापला जाणारा २,४४८ मैलांचा आकडाही कुठल्या तरी एका काळातल्या रस्त्याचाच. म्हणून रोज सकाळी नकाशा उघडताना पहिला प्रश्न हाच: आज कोणत्या सालचा रस्ता चालवायचा?

फोनमधल्या नकाशाला हा प्रश्नच कळत नाही. शिकागो–लॉस एंजेलिस घातलं की तो सरळ इंटरस्टेटवर नेतो. 'हायवे टाळा' केलं तर आणखी फसगत, कारण मग तो जवळचा कुठलाही शेतरस्ता दाखवतो. उपाय कंटाळवाणा, पण एकच. रोजचा मार्ग वेगळा करायचा आणि १५-२० मैलांवर एक खूण टाकायची. खूण गावाच्या नावाची नको. पूल, तिठा, जुना पेट्रोलपंप अशी हवी. नकाशे आधीच फोनवर उतरवून ठेवायचे, कारण पश्चिम ॲरिझोना आणि मोहावे वाळवंटात रेंज जाते. तपकिरी 'हिस्टॉरिक रूट ६६' पाट्यांवर विसंबू नये. त्या चोरीला जातात, म्हणून बऱ्याच ठिकाणी खूण थेट डांबरावर रंगवलेली असते. तेव्हा नजर खालीही हवी.

गाडी साधी सेडान पुरते. एका शहरातून घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे पैसे वेगळे लागतात आणि ते कधीकधी भाड्याइतके भरतात, त्यामुळे दर विचारताना दोन्ही शहरं सांगूनच विचारावा. भारतातून येणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो एक वर्ष चालतो, मूळ लायसन्स मात्र सोबत लागतंच. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा भाड्यात धरलेला असतोच असं नाही, तो घ्यावा. करारातली कच्च्या रस्त्याची ओळ आजच वाचून ठेवावी, टेक्सासात तिची गरज पडेल.

पेट्रोल भरताना पंप कार्डाच्या पत्त्याचा पिनकोड मागतो. भारतातला सहा आकडी पिनकोड त्याला चालत नाही. आत काउंटरवर पंपाचा नंबर सांगून आधी पैसे द्यायचे. कमी पेट्रोल बसलं तर उरलेले परत मिळतात. हिरवा नळ बहुधा डिझेलचा, त्याला हात लावू नये.

दिवस १, इलिनॉय

सुरुवातीची पाटी ॲडम्स स्ट्रीटवर, मिशिगन ॲव्हेन्यूजवळ. मूळ रस्ता शेजारच्या जॅक्सन बुलेवार्डवरून जायचा. १९५५मध्ये तो पूर्वेकडे एकेरी झाला, तेव्हा पश्चिमेला निघणाऱ्यांना ॲडम्सवर आणलं. म्हणजे पहिल्याच चौकात रस्ता सरकलेला. रविवारी सकाळी सातला निघावं. इतर दिवशी शहराबाहेर पडण्यातच दीड तास जातो.

स्प्रिंगफील्डच्या दक्षिणेला ऑबर्नजवळ दीडेक मैल विटांचा रस्ता आहे. ६६चा फोटो म्हणून तो सगळ्यांच्या भिंतीवर लागतो. गंमत अशी की १९२१च्या काँक्रीटवर या विटा बसवल्या १९३१मध्ये आणि ६६ तिथून पूर्वेला लिचफील्डकडे गेला १९३०मध्ये. विटा आल्या तेव्हा नंबर निघून गेला होता. तरी जावंच, ओल्या विटांवर ब्रेक जपून. खरा जुना तुकडा पाहायचा तर तिथून थोडं पुढे निलवूडपाशी थांबावं. काँक्रीट ओलं असताना त्यावरून टर्की चालत गेली होती, तिच्या पायांचे ठसे अजून तसेच आहेत.

दिवस २ आणि ३, मिसुरी

मिसिसिपीवरचा चेन ऑफ रॉक्स पूल (१९२९) मध्येच वाकलेला आहे. आता तो फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. गाडी इलिनॉयच्या बाजूला लावावी आणि आत काही म्हणजे काही ठेवू नये. काचा फोडून सामान पळवण्याबद्दल हे ठिकाण बदनाम आहे.

रस्त्याचे पदर पाहायचे तर डेव्हिल्स एल्बोसारखी जागा नाही. नदीवर १९२३चा अरुंद लोखंडी पूल. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या फोर्ट लिओनार्ड वूड छावणीची वाहतूक त्या वळणावर तुंबायला लागली, म्हणून डोंगर कापून चौपदरी ६६ काढला. आणि शेवटी इंटरस्टेट, आय-४४. तिन्ही काही मिनिटांच्या अंतरावर. आधी जुन्या पुलावरून जावं, मग उलट फिरून डोंगरातल्या खिंडीतून. रस्ता का मेला ते इथे वाचल्याशिवाय कळतं: दर वेळी तो थोडा सरळ झाला आणि गाव थोडं मागे पडलं.

दिवस ४, कॅन्सस आणि ओक्लाहोमा

कॅन्सस जेमतेम १३ मैलांचं. इंटरस्टेटने त्याला शिवलंच नाही, म्हणून ते छान राहिलं. बॅक्स्टर स्प्रिंग्जच्या अलीकडचा पांढरा कमानी पूल (१९२३) चुकवू नये.

ओक्लाहोमात मात्र घाई नको. चालवता येणारे जुने तुकडे इथे भरपूर. मायामी आणि ॲफ्टनच्या मध्ये 'रिबन रोड' आहे, १९२२चा, रुंदी फक्त ९ फूट. समोरून गाडी आली की दोघांनीही एकेक बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरवायची. १९३७पर्यंत हाच अधिकृत महामार्ग होता, यावर विश्वास बसत नाही. आता कडेला खडी आहे आणि मधलं डांबर तुटलंय. ताशी १५ मैलांवर जाऊ नये, पावसानंतर तर जाऊच नये: खडीखालची माती बसते आणि गाडीचं पोट डांबराच्या कडेवर घासतं.

चुकून टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या रस्त्यावर, चढलात तर रोख घेणारं कोणी नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो, बिल गाडीच्या कंपनीकडे जातं आणि ती टोलवर आपला आकार लावते. दोन डॉलरची चूक वीसला पडू शकते.

दिवस ५, ओक्लाहोमाच

लूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पेट्रोलपंप आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मालकाचा, कृष्णवर्णीय प्रवाशांना हक्काने थांबता येईल असा. या रस्त्यावरच्या अनेक गावांत त्यांना खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. काही गावांत अंधार पडल्यावर थांबायचीही बंदी. 'ते जुने सोन्याचे दिवस' विकणाऱ्या दुकानांत हे सहसा लिहिलेलं नसतं. आठवण कोणाची, हे विचारून मगच गहिवरावं.

एल रीनोच्या पश्चिमेला गुलाबी झाक असलेलं जुनं काँक्रीट लागतं. दर काही फुटांवर सांधा, त्यामुळे टायर ठक-ठक करत राहतात. काही ठिकाणी कडा वर उचलून बांधल्यात. पाणी कडेने वाहून जावं हा हेतू. झालं उलटंच: पाणी साचायचं, आणि कडेला टेकलेलं चाक गाडीला परत रस्त्यात फेकायचं. पुढे साउथ कॅनेडियन नदीवर ३८ पिवळ्या ट्रसचा, म्हणजे लोखंडी सांगाड्यांचा, पूल.

एप्रिल ते जून इथे टोर्नेडोचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळांचे, दिवस. संध्याकाळचा अंदाज पाहूनच मोटेल ठरवावं. एकूण प्रवासाला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सगळ्यात बरा. त्याआधी ॲरिझोनात पाऊस, त्यानंतर फ्लॅगस्टाफला, सुमारे ७,००० फुटांवर, बर्फ.

दिवस ७, टेक्सास

शॅमरॉकचा १९३६चा मनोरेवाला पेट्रोलपंप रात्री पाहावा, दिवे लागल्यावर. कॅडिलॅक रँचमध्ये (१९७४) दहा गाड्या नाक खुपसून उभ्या आहेत; रंगाचा डबा न्यायला हरकत नाही, रिकामा डबा परत आणावा. पावसानंतर तिथला चिखल बुटाला असा धरतो की गाडीची पायपुसणी गेलीच म्हणून समजा. एड्रियन गावी रस्त्याचा मध्य: शिकागो ११३९ मैल, लॉस एंजेलिस ११३९ मैल.

आता ती करारातली ओळ. जेरिको गॅप आणि ग्लेनरिओ ते सान जॉन हे दोन्ही तुकडे कच्चे आहेत. कोरड्या दिवशी ते साध्या गाडीतूनही निघतात. पण भाड्याच्या गाडीला तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. पूर्वी जेरिकोच्या चिखलात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढणं हा तिथला जोडधंदा होता. माझं मत: मालकीची गाडी असेल तर जावं, भाड्याची असेल तर ग्लेनरिओचं ओसाड गाव पाहून इंटरस्टेट धरावा. हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे.

दिवस ८ आणि ९, न्यू मेक्सिको

इथे साल निवडणं सर्वात महत्त्वाचं, कारण अंतरच बदलतं. १९३७पूर्वीचा ६६ सांता रोसाहून उत्तरेला सांता फेला चढायचा आणि मग अल्बुकर्कीला उतरायचा. नंतरचा सरळ पश्चिमेला. सरळ रस्त्याची कथा राजकारणातली. गव्हर्नर आर्थर हॅनेट १९२६ची निवडणूक हरला, खापर सांता फेच्या पुढाऱ्यांवर फोडलं आणि खुर्ची सोडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत सांता फेला वगळणारा ६९ मैलांचा रस्ता काढायला लावला. 'हॅनेटचा विनोद' म्हणून तो ओळखला गेला आणि अकरा वर्षांनी तोच ६६ झाला. अल्बुकर्कीत सेंट्रल आणि फोर्थ स्ट्रीटच्या चौकात दोन्ही ६६ एकमेकांना छेदतात. एक दिवस जास्त असेल तर सांता फे, नाहीतर सरळ.

टुकमकारीला मुक्काम केला तर अंधार पडायच्या अर्धा तास आधी पोचावं, निऑन तेव्हा उजळतं. जुन्या मोटेलात पैसे देण्याआधी खोली बघायला मागावी. कोणी वाईट वाटून घेत नाही. काउंटरमागे गुजराती कुटुंब असण्याची शक्यता मोठी. जुन्या मालकांना मोटेलं जड झाली, तेव्हा त्यातली बरीच पटेलांनी घेतली आणि मुलाबाळांसकट तिथेच राहून चालवली. 'अमेरिकन मालकाचं' अशा पाट्या लावून शेजारच्यांनी त्यांना टोमणेही मारले. मोटेलांतले दिवे ज्यांनी चालू ठेवले, त्यांत हे लोक आहेत.

शाकाहारी माणसाची परीक्षाही इथेच. 'लाल की हिरवी?' हा प्रश्न मिरचीच्या रश्श्याबद्दल. 'ख्रिसमस' म्हटलं की दोन्ही मिळतात. पण बीन्समध्ये डुकराची चरबी आणि रश्श्यात मांस आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारावं. आय-४०च्या कडेला पंजाबी ट्रकवाल्यांमुळे निघालेले ढाबे आहेत. जुना रस्ता सोडून तेवढ्यासाठी वर चढण्यात कमीपणा नाही.

लागुना आणि आकोमा या आदिवासी वस्त्यांच्या जमिनीतून जाताना परवानगीशिवाय फोटो नाहीत, आत जाणारे कच्चे रस्ते धरायचे नाहीत.

दिवस ११, ॲरिझोना

पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात १९३२ची गंजलेली स्टुडबेकर उभी आहे. तिच्या मागे तारांविना खांबांची रांग दिसते, तोच जुना ६६. डांबर केव्हाच गेलं. दगड झालेल्या लाकडाचा तुकडाही उचलणं गुन्हा आहे.

ॲश फोर्कनंतर आय-४०च्या १३९ नंबरच्या एक्झिटला उतरायचं आणि टोपॉकपर्यंत वर चढायचं नाही. सुमारे १५९ मैलांचा सलग जुना रस्ता. सेलिगमनचा न्हावी एंजेल डेल्गाडिओ आणि सोबतच्यांनी १९८७मध्ये संघटना काढून राज्याकडून त्याला 'ऐतिहासिक' दर्जा मिळवला. बाकीच्या राज्यांनी नंतर गिरवलं.

किंगमनला टाकी पूर्ण भरावी. कॅलिफोर्नियात भाव चढतो आणि वाळवंटातल्या पंपांवर तर फारच. मग ओटमनचा घाट. सिटग्रीव्हज खिंड ३,५५० फुटांवर, म्हणजे उंचीने काही नाही, पण वळणं आंधळी, कठडे जवळपास नाहीत आणि ४० फुटांहून लांब गाड्यांना बंदी. पेट्रोल टाकीतून नुसतं उताराने इंजिनात यायचं अशा काळात चढावर इंजिन उपाशी राहायचं, म्हणून लोक उलट्या गिअरमध्ये घाट चढत. आज त्रास उतरताना: ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ते तापतात, जळका वास येतो. गिअर खालचा ठेवावा. १९५२मध्ये ६६ इथून यक्काकडे हलवला. ओटमनमध्ये मोकाट गाढवं खिडकीत तोंड घालतात. पिल्लांना काही भरवू नये, दुकानात विकत मिळणारं गवतसुद्धा.

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, त्यामुळे तेव्हा त्याची वेळ कॅलिफोर्नियाशी जुळते.

दिवस १३, मोहावे

आदल्या रात्री रस्ते बंद आहेत का ते पाहावं. इथले लाकडी पूल १९३०च्या सुमाराचे. अचानक आलेल्या पुरांत वाहून जातात आणि दुरुस्तीला वर्षं लागतात. बंदची पाटी वळसा घालून ओलांडू नये, पुढे पूलच नसतो. अँबॉयला मग केलबेकर रोडने उतरता येतं का, ते बघावं. माणशी चार लिटर पाणी, टायरची हवा सकाळी थंड असताना तपासलेली. कॅलिफोर्नियात पेट्रोल भरणाऱ्याला हवा-पाणी फुकट द्यायचं कायद्यानेच ठरलंय, मागून घ्यावं.

अँबॉय, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स: रेल्वेने स्टेशनांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं दिली. १९७३मध्ये आय-४० सुरू झाला आणि ही गावं रिकामी झाली.

दिवस १४, सांता मोनिका

धक्क्यावरची 'शेवट' पाटी २००९ची. तिथे ६६ कधी पोचलाच नव्हता. १९२६चा शेवट लॉस एंजेलिसमध्ये ब्रॉडवे आणि सेव्हन्थच्या चौकात. १९३६चा इथून मैलभर आत, लिंकन आणि ऑलिंपिक बुलेवार्डपाशी, फ्रीवेच्या अगदी शेजारच्या रुक्ष चौकात. तिथे गाडी थांबवायलाही जागा नाही. सिग्नल लाल मिळाला, तर तेवढाच वेळ बघायला मिळतो.