जुन्या सुपरकारचा गिअरबॉक्स आणि वॉरंटीचा क्लेम : माझा अनुभव

जुन्या सुपरकारचा गिअरबॉक्स अडला की सगळ्यात महागडी चूक पहिल्या तासातच होते. कुणीतरी स्कॅनर लावतं, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसतं आणि "बघा, गेला लाइट" म्हणतं. वॉरंटी कंपनीसमोर ठेवायचा पुरावा तिथेच संपतो.

गाडी 2015 ची, इंजिन मधोमध, सात गिअरचा वेट ड्युअल क्लच गिअरबॉक्स (ऑइलमध्ये चालणारे दोन क्लच), 41 हजार किलोमीटर, पासिंग एमएच-04. डीलरने विकताना एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी दिली होती. संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडीहून पातलीपाड्याकडे रांगताना डॅशवर गिअरबॉक्सचा इशारा आला. गाडी थांबली आणि नंतर थेट दुसऱ्या गिअरमध्ये उठली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स पडलाच नाही.

या लक्षणातच निम्मं निदान आहे. ड्युअल क्लचमध्ये गिअर दोन गटांत वाटलेले असतात. माझ्या गिअरबॉक्समध्ये 1-3-5-7 आणि रिव्हर्स एका क्लचवर, 2-4-6 दुसऱ्यावर. एक गट पूर्ण बंद पडला, दुसरा सुरळीत चालतोय आणि खडखडाट अजिबात नाही, अशा वेळी दात तुटल्याची शक्यता कमी. संशय घ्यायचा तो त्या गटाच्या सेन्सरवर, सोलेनॉइडवर (ऑइलची वाट उघडणारा-मिटणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा ऑइलच्या दाबावर.

आधी बॅटरी बघितली. व्होल्टेज घसरलं तरी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर खोटे कोड टाकतो. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी ठीक. मग स्कॅन. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावायचा) पी0700 हा कोड दाखवून थांबतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवलंय. त्या कॉम्प्युटरच्या आत शिरणारा स्कॅनर लागतो. मेकॅनिकला आधीच सांगितलं, "दादा, कोड पुसू नका, पहिल्यांदा प्रिंट काढा." प्रिंटवर कोडसोबत त्या क्षणाचा वेग, ऑइलचं तापमान आणि किलोमीटर आले. तापमान 96 अंश. पुढे याच कागदाने काम केलं.

टोइंग फक्त फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी ट्रकच्या सपाट पाटावर चढवून. मागची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर गिअरबॉक्स आतून फिरतो. ऑइल पंप मात्र इंजिनवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना वंगण मिळत नाही. पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासू नये म्हणून रॅम्पखाली दोन लाकडी फळ्या घातल्या, आणि पट्टे टायरवरून बांधले. सस्पेन्शनच्या आर्मला हूक लावू देऊ नका.

अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं 19 लाख 40 हजार. अख्खा गिअरबॉक्स नवा. त्यांच्याकडे गिअरबॉक्स खोलण्याची पद्धत नाही, पूर्ण युनिट बदलतात. तुर्भे एमआयडीसीतल्या एका गिअरबॉक्सवाल्याने तेच कोड बघून शिफ्ट फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) जागा मोजणारा आतला सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या पोटात, गरम ऑइलच्या सान्निध्यात वर्षानुवर्षं असतो. आतलं इलेक्ट्रॉनिक्स मेलं की फोर्क नेमका कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो सगळा गट बंद करतो. त्याचं एस्टिमेट करांसह, फ्लॅटबेडच्या दोन फेऱ्या धरून 3 लाख 10 हजार.

वाहन विम्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. मोटर पॉलिसीत यांत्रिक व विद्युत बिघाड आणि झीज सरळ वगळलेली असते. झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं तरी त्यात फरक पडत नाही. राहिली एक्स्टेंडेड वॉरंटी. तिच्या छापील अटी मी पेन्सिल घेऊन वाचल्या. एका क्लेमची मर्यादा 8 लाख. दर क्लेमला 25 हजार मालकाचे. ऑइल, फिल्टर, सील वगळलेले. झीज वगळलेली. लेखी मंजुरीआधी भाग खोलला तर क्लेम बाद. आणि क्लेम नाकारला गेला तर खोलण्या-जोडण्याचा खर्च मालकाचा. शेवटच्या दोन अटी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

म्हणून वॉरंटी कंपनीचा तपासनीस, म्हणजे सर्व्हेअर, येईपर्यंत गिअरबॉक्सला पाना लावू दिला नाही. दोन्ही एस्टिमेटं कंपनीला एकत्र पाठवली. नव्या गिअरबॉक्सचा खर्च त्यांच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त होता, दुरुस्ती मर्यादेत बसत होती. बाहेरच्या वर्कशॉपला शेवटी मंजुरी मिळाली ती या तुलनेमुळे, असं माझं मत आहे. मंजुरी फोनवर घेऊ नका, ईमेलवरच मागा.

पण त्याआधी पहिलं उत्तर नकाराचंच आलं: "क्लचची झीज." त्यावर तीन कागद पाठवले. पहिला, स्कॅनरमधले दोन्ही क्लचच्या झिजेचे आकडे. दोन्ही उत्पादकाच्या मर्यादेत होते. दुसरा, क्लच ऑइल बदलल्याचं किलोमीटरसह बिल. तिसरा, सर्व्हेअरसमोर ऑइल काढतानाचे फोटो. तो क्षण नीट बघण्यासारखा असतो. चुंबकी प्लगवर राखाडी लोण्यासारखा बारीक थर होता, बोटांत चोळला तर टोचत नव्हता. असा थर नेहमीचाच. चकचकीत कण किंवा सुईसारखे तुकडे दिसले असते तर गोष्ट बेअरिंगची किंवा दातांची. जळका वास आणि काळं ऑइल असतं तर क्लचची. इथे ऑइल तपकिरी होतं आणि जळका वास नव्हता.

23 व्या दिवशी मंजुरी आली. काम मोठं आहे: एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्ट काढायचे, गिअरबॉक्स खाली घ्यायचा, कव्हर उघडून सेन्सर बदलायचा, नवे गास्केट आणि सील. ऑइल दोन वेगळी: क्लचच्या बाजूला सुमारे सव्वापाच लिटर, गिअरच्या बाजूला सुमारे तीन. त्यांची अदलाबदल झाली तर पुन्हा सगळं खाली. क्लच ऑइलची पातळी गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू आणि ऑइल ठरावीक तापमानाला असतानाच लावतात. थंड ऑइलवर भरून मोकळे होणारे घाईचे कारागीर हीच पायरी खातात. शेवटी कॅलिब्रेशन. ते झाल्याशिवाय कॉम्प्युटर फोर्कच्या टोकाच्या जागा शिकत नाही आणि नव्या सेन्सरवरही गाडी आपत्कालीन मोडमध्येच राहते.

हिशोब असा: सेन्सर 92 हजार, मजुरी आणि कॅलिब्रेशन 1 लाख 38 हजार, ऑइल-फिल्टर-सील 62 हजार, फ्लॅटबेड 18 हजार. कंपनीने पहिल्या दोन रकमांतून 25 हजार कापून 2 लाख 5 हजार दिले. माझ्या खिशातून 1 लाख 5 हजार.

नकार कायम राहिला असता तर ग्राहक आयोगाची वाट होती. 2019 च्या कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आर्थिक अधिकारक्षेत्र, म्हणजे जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग, हे दाव्याच्या रकमेवर नव्हे, मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं.

वॉरंटीच्या नूतनीकरणाचा हप्ता 1 लाख 85 हजार होता. नुसत्या गिअरबॉक्ससाठी मी तो भरला नसता, कारण 8 लाखांत नवा गिअरबॉक्स येत नाही. पण मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचं व्हॉल्व्ह-इलेक्ट्रॉनिक्सचं युनिट), ऑइल कूलर आणि गाडीचं नाक उचलणारी पुढची लिफ्ट यादीत होती, आणि झिजेची व्याख्या "उत्पादकाच्या मर्यादेबाहेर गेलेला भाग" अशी लेखी करून मिळाली. तेवढ्यासाठी एक वर्ष घेतलं.

घोडबंदरवर आता रांगत जात नाही. पुढच्या गाडीशी दोन-तीन गाड्यांचं अंतर पडू देतो, मग एकदाच उठतो. थांबताना ब्रेक पूर्ण दाबतो, म्हणजे क्लच सुटा राहतो. अर्धवट ब्रेकवर सरकत राहिलं की क्लच घसटतो आणि ऑइल तापतं. नूतनीकरणाच्या तपासणीच्या दिवशी झिजेचे आकडे पुन्हा प्रिंट करून घेतले, तारीख आणि किलोमीटर टाकून जुन्या प्रिंटच्या मागे फाइलला लावले.