उंदीर हातात घेण्यापूर्वी

मराठीत मोठ्या आणि छोट्या दोन्ही जातींना उंदीर हा एकच शब्द आहे. त्यामुळे ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात तिथे, वावरणारे आम्ही लोक मोठ्याला ‘रॅट’ आणि छोट्याला ‘माइस’ असे म्हणतो, आणि गंमत अशी की इंग्रजीत ‘माइस’ हे अनेकवचन असूनही प्राणी एकटा असला तरी तो ‘एक माइस’च असतो. हे प्राणी कसे धरावेत आणि कसे सांभाळावेत, हे मी गेली काही वर्षे फार्मसी व जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवते आहे.

मला स्वतःला मात्र ते कोणी नीट शिकवले नव्हते. एम.फार्म.ला असताना तोंडावाटे औषध द्यायची सुई, जिच्या टोकाला छोटी गोळी असते, सीनिअरने एकदा वापरून दाखवली आणि पुढचा रॅट माझ्या हातात दिला. सुई अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेली. नाकाशी फेस आला, मुठीतली धडपड वाढली आणि मिनिटभरात थांबली. माझ्या प्रबंधात त्याची नोंद ‘एक प्राणी वगळला’ एवढीच आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, प्रयोगांसाठीचे नियम १९९८ चे आहेत, आणि प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत एक नीतिसमिती असावी लागते, जिच्यात पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला एक जागरूक नागरिक आणि अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचा प्रतिनिधी बसतात. अडचण अशी की आपल्याकडचे बरेचसे प्रशिक्षण या समितीसमोरचा अर्ज कसा भरावा, यापाशीच संपते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याऐवजी पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी होईल अशी पद्धत निवडणे, विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पण प्रत्येक गटात सहाच प्राणी का, असे विचारले की उत्तर येते, “आधीच्या प्रबंधात सहा होते.” वास्तविक सहा कधी जास्त असतात आणि कधी इतके कमी, की प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही आणि सगळेच प्राणी फुकट जातात. हा दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो, पण त्याबद्दल समितीत क्वचितच कोणी तोंड उघडते.

१९६० च्या त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक वाक्य आहे, जे शिकवणाऱ्याने भिंतीवर लावावे असे आहे: केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग शक्यतो करू नयेत. मग हात तयार व्हायचा कसा? विद्यार्थी हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. बाजारात रबराचे उंदीर मिळतात, पण छोट्या महाविद्यालयाला ते परवडत नाहीत. आम्ही मान्यताप्राप्त प्रयोग संपल्यावर मृत झालेल्या प्राण्यांवर सुरुवात करतो. सुईची लांबी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजून खूण करायची, रंगीत पाणी द्यायचे आणि मग पोट उघडून रंग जठरात पोहोचला की फुप्फुसात, ते आपल्याच डोळ्यांनी पाहायचे. ज्याच्या हातून रंग सलग काही वेळा जठरात जातो, तोच जिवंत प्राण्याकडे वळतो. त्या दिवशी माझ्या सीनिअरने मला हे करायला लावले असते तर तो रॅट वाचला असता.

माइस शेपटीने उचलू नये, हेही शिकवावे लागते. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवले, की शेपटीने उचललेले माइस माणसाला बिचकतात, तर नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले त्यामानाने निर्धास्त राहतात. ओंजळीला पैसे लागत नाहीत आणि नळी म्हणून प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा पुरतो, त्यामुळे ही सुधारणा आपल्यासारख्या देशांत सर्वांत आधी व्हायला हवी होती. तरी प्रत्येक बॅचमध्ये कोणाचा तरी हात शेपटीकडेच जातो.

परदेशी पुस्तकांमध्ये प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र हवा मिळते. आमच्याकडे पॉलिप्रॉपिलिनचे पिंजरे, भाताच्या तुसाचे अंथरूण आणि मे महिन्यातले भारनियमन आहे. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खोलीचे तापमान १८ ते २९ अंशांत राहावे लागते. जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला की काटा वर सरकू लागतो आणि तूस ओले असेल तर अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. अशा वेळी कोणत्या खोलीतले पिंजरे आधी हलवायचे, हे कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते. ते आमच्या मामांना माहीत असते.

मामा म्हणजे ॲनिमल हाउसचे अटेंडंट. प्रशिक्षणाच्या पत्रकात त्यांचे नाव कधीच नसायचे. वर्ग सुरू झाला की ते बाहेर पिंजरे धूत बसायचे. एकदा विद्यार्थी माझ्याकडून माइसच्या चेहऱ्यावरून वेदना कशी ओळखायची, म्हणजे डोळे किती मिटलेत, कान कसे वळलेत, हे ऐकत होते, तेव्हा मामा दारातून म्हणाले, “मॅडम, तिसऱ्या रॅकवर खालच्या पिंजऱ्यातला एक सकाळपासून अंग फुगवून कोपऱ्यात बसलाय, पाणी कमी झालेलं नाही.” पाहिले तर बाटलीची नळी तुंबली होती. पिंजऱ्यातल्या चारही माइसची पाठ चिमटीत धरली तर कातडी लगेच जागेवर येत नव्हती, म्हणजे अंगातले पाणी कमी झाले होते. आधीच्या दिवसाच्या नोंदवहीत मात्र एका विद्यार्थ्याने ‘सर्व प्राणी निरोगी’ असे सुवाच्य अक्षरात लिहून सही केली होती.

तेव्हापासून पहिल्या दिवसाचा पहिला तास मामांचा असतो. ते बोलत फारसे नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन सगळे पिंजरे फिरतात आणि प्रत्येक बाटली उलटी करून नळीला बोट लावायला सांगतात.