पिंप कोणाचं?

"पिंपात काय होतं ते आधी सांग," आबांनी तिसऱ्यांदा विचारलं. पालखी आमच्या वाडीत यायला अजून तासभर होता. खळं सारवून झालं होतं, आणि मी ओटीवर बसून स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या शिमग्याची गोष्ट रंगवत होतो. आबांना शिमग्यात रस नव्हता, पिंपात होता.

त्यांचंही बरोबर. आमचं गाव साखरी नाटे गावाजवळ. खाडीपलीकडे माडबनचा सडा, जिथे सहा अणुभट्ट्या आणि ९,९०० मेगावॅट होणार होणार म्हणून आमची एक पिढी म्हातारी झाली. २०११ च्या एप्रिलमध्ये नाटे गावात त्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन एक मच्छीमार गेला. किरणोत्साराची तीन पाकळ्यांची ती काळी-पिवळी खूण इथे पोरंसोरंही ओळखतात.

तर बाझल. ईस्टरच्या उपवासाला सुरुवात होते त्या बुधवारनंतरच्या सोमवारी, पहाटे ४ च्या ठोक्याला, शहरातले रस्त्यावरचे दिवे विझतात. मिट्ट काळोखात रंगवलेले मोठमोठे कंदील उजळतात आणि ढोल-पावे एकदम सुरू होतात. अंगावर काटा येतो, दरवर्षी. त्याला फास्नाख्त म्हणतात आणि तो बरोब्बर ७२ तास चालतो. गुरुवारी पहाटे ४ वाजता संपला की संपला, तिथे 'अजून एक गाणं' नाही. वाजवत फिरणाऱ्या टोळीला म्हणतात क्लीक (माऊसचा नव्हे). दरेक क्लीक वर्षातली एखादी भानगड निवडते आणि तिची सोंगं काढून यथेच्छ टिंगल करते. शिव्या नसतात, एवढाच काय तो आपल्या शिमग्याशी फरक.

२०२५ मध्ये आमच्या गल्लीत विसावणाऱ्या क्लीकने अणुवीज घेतली होती. स्वित्झर्लंडने २०१७ साली जनमत घेऊन नव्या अणुभट्ट्या बंद ठरवल्या, आणि २०२४ च्या ऑगस्टात सरकारच म्हणालं, ती बंदी उठवू या. म्हणून पांढऱ्या डगल्यातले हातभर नाकाचे शास्त्रज्ञ, आणि मधोमध चाकाच्या गाड्यावर पिवळं पिंप. त्यावर ती खूण, झाकणातून लोंबणाऱ्या वायरी. तीन दिवस पोरं त्यावर चढत होती. मी स्वतः त्याला टेकून तिथलं ते पिठाचं सूप प्यायलोय. शेजारच्या आजींनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी, १३ मार्चला, मला विमान गाठायचं होतं. सहाच्या सुमारास बॅग घेऊन खाली आलो तर गल्लीच्या तोंडाला फीत, फितीमागे पोलीस आणि ट्रामच्या थांब्यावर एकटं पिंप. मुखवट्यांमागे कोण होतं ते ठाऊक नसल्याने बोलवायचं कोणाला, हा प्रश्न. फोन केला होता आजींनीच. बाई साध्या नव्हेत. १९७५ साली बाझलजवळच्या कायझरआउग्स्टला अणुकेंद्राच्या जागेवर लोकांनी अकरा आठवडे ठाण मांडलं होतं, त्यात या होत्या. ते केंद्र १९८८ मध्ये कायमचं बारगळलं. मी म्हटलं, "अहो, सोमवारी तुम्हीच टाळ्या वाजवल्यात ना याला?"

"सोमवारी फास्नाख्त होता," त्या म्हणाल्या.

आबा यावर खो खो हसले. मग त्यांना त्यांचा रावण आठवला. नमनाच्या (कोकणातल्या लोकनाट्याच्या) मंडळाचा रावणाचा मुखवटा एकदा एसटीत राहिला होता. कंडक्टरने तो शेजारच्या शिटावर बसवला आणि परतीच्या फेरीला आमच्या फाट्यावर उतरवून दिला. विचारायची गरजच नव्हती, तो कुठल्या वाडीचा ते त्याला माहीत.

"ते दिवस गेले, आबा," चुलतभाऊ म्हणाला. "२०२२ ला हरिहरेश्वरला ती बोट लागली, तीन एके-४७ वाली. खलाशांनी भर समुद्रात सोडलेली निघाली, पण तोवर सगळ्यांचं पाणी पळालं होतं. आता रावण दिसला तरी आधी शंभर नंबर."

आबा गप्प बसले. मग पुन्हा, "पण पिंपात काय होतं?"

सातच्या पुढे एक गृहस्थ धावत आला. कडक सूट, गळ्यात टाय आणि कानामागे गुलाबी कागदाचे कपटे, फास्नाख्तात उधळतात ते. पोलिसांसमोर त्याने झाकण उघडलं. रिकाम्या बाटल्या, एक लाकडी बूट आणि किलोभर कपटे. त्यालाही स्टेशनाकडेच जायचं होतं, म्हणून माझी बॅग पिंपावर ठेवून आम्ही दोघं गाडा ढकलत निघालो. फुटपाथवरची माणसं न सांगता बाजूला होत होती. विमान मिळालं, दादरहून तुतारी एक्सप्रेस मिळाली, फक्त होळीचा होम चुकला.

ढोल वाजायला लागला तसे आबा टोपी शोधत उठले. तेवढ्यात खळ्यातून आईची हाक. बॅगेच्या चाकात अडकलेले कपटे सारवलेल्या जमिनीवर सांडले होते, सगळे गुलाबी. एकाच रंगाचे असले म्हणजे नवे, रंग मिसळलेले असले तर जमिनीवरून उचललेले, असं तिथे मानतात. हे मी आईला सांगायला लागलो.

"ते राहू दे," ती म्हणाली, "केरसुणी घे. पालखी येतेय."