अण्णांच्या वहीतली नात

मे महिन्यात इथे टोरांटोच्या भारतीय दुकानांत हापूस येतो. यंदा पेटी घरी आणली, एक आंबा हातात घेतला, तर लेक म्हणाली, "आई, दाबू नकोस. आजोनं सांगितलंय." आजो जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आजो म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. देवगड तालुक्यात कातळावर आमची कलमं आहेत. कातळ म्हणजे नुसता जांभा. अण्णांनी तरुणपणी त्यात सुरुंग लावून खड्डे पाडले, दुसरीकडून माती आणून भरली आणि कलमं लावली. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात आई आणि ते कावडीनं पाणी घालायचे. आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं त्याच कलमांवर झाली. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मी कॅनडाला निघाले तेव्हा ते कणकवली स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी सुटेपर्यंत एकच विचारत राहिले, "थंय थंडी खूप ना गो? मग मोहोर कसो येता झाडांक?"

आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार सरलेली. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. लेक शाळेत जायच्या आधी दूध पीत असायची आणि फोनमध्ये अण्णा माळ्यावरच्या आढीत बसलेले. पेंढा बाजूला करून एकेक आंबा परतायचे, डाग पडलेला वेगळा काढायचे. "हातान दाबू नको, बाय. नाकान बघ." मग आंबा फोनला लावून विचारायचे, "वास येता मा?" ही हो म्हणायची. तिला खरंच येत असावा, असं मला आता वाटतं. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, आंबा देठासकट का काढायचा, चीक सालीवर सांडला तर काय होतं, हे तिला शाळेतल्या कवितेसारखं पाठ आहे.

दिवसांसाठी गेले तेव्हा आईनं त्यांची बागेची वही दिली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. अण्णा रोज रात्री त्यात लिहायचे: मोहोर किती, तुडतुडा दिसला का, फवारणी कधी, वाशीला किती पेट्या गेल्या. हे मला ठाऊक होतं. त्याच ओळींत आम्हीही आहोत, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"पहाटे दव. दुसरा मोहोर फुटला. नातीचा पुढचा दात पडला."

"मजूर आले नाहीत. थोरलीचा फोन नाही."

आणि 16 मे 2021. त्या दिवशी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. "जुनी दोन कलमं उन्मळली. झाडावरचा आंबा सगळा खाली. वीज नाही. नातीचा ताप उतरला, देवाची कृपा." त्याच रात्री फोनवर मी बागेचं विचारलं तेव्हा म्हणाले होते, "जरा वारो होतो." तिचा ताप किती होता, हे मात्र तीनदा विचारलं होतं.

ती ओळ मी कितीदा वाचली असेन! वर्षाचं पीक गेलेलं, अंधारात कंदील लावून बसलेला माणूस नातीच्या तापासाठी देवाचे आभार मानतो.

वहीतली शेवटची नोंद पौषातली आहे. "विहिरीकडच्या कलमाला मोहोर. नातीला फोटो धाडायचा."

तो फोटो आला नव्हता. मी अण्णांचा फोन उघडून बघितला. फोटो होता. मोहोर थोडा हललेला, मागे विहिरीचा कठडा आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा.

तिथूनच मी तो लेकीला पाठवला. इकडे तेव्हा पहाट होती. तिनं उठल्यावर पाहिला आणि अण्णांच्याच नंबरवर उत्तर लिहिलं, "आजो, वास येतोय."